हिंमतच्या नावाची घागर

मु. वाडी, प्रकाशाजवळ, पश्चिम खानदेश
फाल्गुन वद्य, होळीनंतरचा बाजारदिवस, शके १८४९

निर्मला,

आशीर्वाद आहेच, तो दर पत्रात नव्यानं लिहायला मला शाई फुकट येत नाही. बोरू माझ्या हातात विळ्यासारखा चालतो, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर घरातलं गावभर होतं.

पोटातलं पोर लाथा मारतं म्हणून लिहिलंस. मारू दे, तुझ्यावर गेलंय. मिशनच्या दवाखान्यातली फुलवंताबाई तुला बघायला येते हेही वाचलं. भिलाची बाई, त्यातून ख्रिस्ती झालेली, असं दोनदा लिहिलंस, जणू मी पत्र चुलीत घालणार आहे. बाळंतपणाला स्वच्छ हात लागतो, जात मागाहून विचारता येते. तिच्या हातचं खाऊ मात्र नकोस, तुझी सासू माझा उद्धार करेल.

तिच्या ईस्टरच्या आधी ते लोक चाळीस दिवस उपास धरतात, मटण सोडतात, ह्याचं तुला केवढं नवल! आपण जन्मात मटण खाल्लं नाही, आपल्यासाठी कोणी गाणी म्हटली का?

आता कामाचं. ह्या अक्षय्य तृतीयेच्या आखाजीला तुझ्या बापाला जाऊन बारा वर्षं होतात. तुला झोक्यावर बसवलं, दोन हेलकावे दिले आणि निघाला. तू सात वर्षांची होतीस. लढाईत खेचरं हाकायला बसऱ्याला गेला, तिथून एक कार्ड आलं, मग काही नाही. सरकार म्हणतं, मेल्यांत त्याचं नाव नाही आणि परतलेल्यांतही नाही. परवा हिलालभाऊ, माझा दीर, भाऊबंदांना घेऊन ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "वैनी, बारा वरीस व्हई ग्यात. आते घागर भरनी पडी."

म्हणजे आखाजीला जशा आपण मेलेल्यांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतो, तशी माझ्या हिंमतच्या नावाची भरायची. गवताचा पुतळा करून तापीच्या काठी जाळायचा. आणि तुझ्या आईच्या बांगड्या फोडायच्या. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हटलं, ताक प्या आणि घरी जा.

तुझी आई काही बोलली नाही. गुलाब कधी बोललीय? बारा वर्षं कुंकू लावते, तेही आरशात न बघता. कापसाच्या पेळूसारखी बाई, ओढलं तिकडं जाते. तेव्हा ठरवायचं मलाच आहे. तू रडू नकोस, पोटातल्याला बरं नाही.

तुझी आजी दगूबाई


नवापूर, रेल्वेच्या चाळीतून
२ एप्रिल १९२८

आजीस साष्टांग नमस्कार.

रडू नकोस लिहिलंत म्हणून रडले नाही, पण दोन दिवस भाकरी गिळवली नाही. आजी, आईच्या हातात काकणं नाहीत असं डोळ्यांपुढं आणून बघितलं आणि मला तिचा हात ओळखूच येईना. आठवा महिना आहे, बैलगाडीचे धक्के नकोत म्हणून हे मला आखाजीला माहेरी पाठवत नाहीत. मी तिथं असते तर आईच्या पुढं उभी राहिले असते. आता तुम्हीच आहात.

फुलवंताबाईंनी माझं तोंड बघून विचारलं, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काही धीर दिला नाही. नुसत्या म्हणाल्या, "आमच्या सणाचं ऐकतेस का?" आणि सांगत बसल्या.

काल त्यांचा झावळ्यांचा रविवार होता. खजुरीची पानं इथं कुठली, म्हणून शिंदीची पानं तोडून आणली. लहान-मोठे सगळे ती हलवत, गात, आमच्या चाळीवरून गेले. त्यांचा प्रभू गाढवावर बसून शहरात आला तेव्हा लोकांनी अशी पानं वाटेवर अंथरली. मी विचारलं, राजा आणि गाढवावर? त्या म्हणाल्या, "घोड्यावरचा राजा लढायला येतो, गाढवावरचा घरी येतो." आणि त्याच लोकांनी पाच दिवसांनी त्याला मारा म्हणून ओरडा केला. म्हणून त्या म्हणतात, पान हातात धरताना लाजही वाटली पाहिजे.

मग त्याला खांबावर खिळून मारलं, खडकातल्या गुहेत ठेवलं आणि तोंडावर मोठा दगड लोटला. तिसऱ्या दिवशी पहाटे तीन-चार बायका सुगंधी मसाले घेऊन निघाल्या, मढ्याला लावायला. निम्म्या वाटेत त्यांना आठवलं, दगड कोण लोटणार? पुढचं त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "रविवारी पहाटे उठता आलं तर ये, बघ." आमच्या ह्यांनी होकार दिलाय, स्टेशनाचा कंदील घेऊन स्वतः सोबत येणार आहेत.

आजी, काही ठरवू नका. निदान माझं पत्र येईपर्यंत.

आपली निर्मला


मु. वाडी
हनुमान जयंती, शके १८५०

निर्मला,

पत्र मिळालं. भाकरी गिळत नसेल तर ताकात कुस्करून खा. उपाशी राहून तुझा बाप सापडला असता तर मी बारा वर्षांपूर्वीच ताट सारलं असतं.

तुझ्या त्या बायकांचं वाचून मी बोरू खाली ठेवला. मग गोठ्यात गेले, दूध काढलं, तरी त्या डोक्यातून जाईनात. मसाले बांधून घेतले, अंधारात घर सोडलं, आणि दगडाचा विचारच केला नव्हता! वाटेत आठवला तरी एकीनंही म्हटलं नाही, चला माघारी. ह्या बायका मला ओळखीच्या वाटतात गं. आणि पुरुष कुठं होते? तुझ्या पत्रात एकही नाही. विचार तिला. दार लावून आत बसले असतील तर मी मानेन की गोष्ट खरी आहे, कोणी रचलेली नाही.

माझ्या बापानं माझं नाव दगू ठेवलं, आधीची तीन लेकरं गेली म्हणून. दगडाला मरण येत नाही असं त्याला वाटलं. तेव्हा दगड लोटायचा कसा हे मला कोणी सांगू नये, मीच लोटायची चीज आहे.

इकडचं ऐक. हिलालभाऊनं कुंभाराला एक घागर जास्त सांगितली. बाजारात सगळ्यांसमोर. कासाराच्या बायकोनं त्या दिवसापासून आमच्या गल्लीत फिरणं सोडलंय, तिला कळतं की इथून आता गिऱ्हाईक जाणार. गुलाब आखाजीसाठी गहू निवडते आहे. मी विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" तर म्हणाली, "खडे फार आहेत औंदा." घे!

मला विचारशील तर हिंमत मेला असावा. बारा वर्षं कोणी आईला विसरत नाही, आणि माझ्यासारखीला तर नाहीच. पण मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. न बघितलेल्या मढ्याला पाणी पाजायचं म्हणजे मला कसंसंच होतं. तुझी ती फुलवंताबाई काय करते? तिच्यात कोणी असा हरवला असेल की. तिला विचार.

दगूबाई


नवापूर
९ एप्रिल १९२८, सोमवार

आजीस नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. काल पहाटेपासून मी जणू दुसऱ्याच गावात आहे.

आम्ही निघालो तेव्हा चंद्र मावळतीला होता. रंगावली नदीच्या काठी त्यांचं कबरस्थान आहे, मातीचे उंचवटे, त्यांवर लाकडाचे क्रूस, काहींवर नुसता दगड. सगळ्यांनी आपापल्या माणसाची जागा आदल्या दिवशीच शेणानं सारवली होती. आजी, शेणानं! मला वाटलं होतं हे लोक सगळं साहेबाचं करत असतील. एकेक पणती लागत गेली, कुड्याची पांढरी फुलं वाहिली. इतकी माणसं आणि नदीचा आवाज ऐकू येत होता.

मग उजाडू लागलं तसा एक म्हातारा मोठ्यानं ओरडला, "तो उठला आहे!" सगळ्यांनी एका दमात म्हटलं, "खरोखर उठला आहे!" आणि ढोल वाजला. होळीला वाजतो तोच डोंगरातला ढोल, आजी. माझ्या पोटात पोर असं उसळलं की मी ह्यांचा हात धरला. त्या बायका तिथं पोहोचल्या तेव्हा दगड आधीच लोटलेला होता. आत गेल्या तर आत कोणीच नव्हतं, नुसती वस्त्रं. तशा त्या सांगायला धावत सुटल्या. त्यांचा मोठ्यातला मोठा सण त्या रिकाम्या जागेचा आहे. आणि तुमचं बरोबर निघालं. पुरुष खरंच दार लावून बसले होते. फुलवंताबाई इतक्या हसल्या! म्हणाल्या, "तुझी आजी प्रवचनाला पाळकाच्या खुर्चीत पाहिजे."

तुमचा प्रश्न मी विचारायच्या आधीच मला उत्तर दिसलं. सगळे आपापल्या कबरीपाशी होते आणि फुलवंताबाई कुंपणाशेजारच्या सपाट जमिनीवर पणती ठेवत होत्या. तिथं उंचवटा नाही, काही नाही. मी म्हटलं, इथं कोण आहे? म्हणाल्या, "कोणी नाही. म्हणून तर ठेवली." त्यांचा धाकटा भाऊ लढाईत मजूर म्हणून गेला, तोही बसऱ्यालाच. परतला नाही. त्यांच्यात कोणी त्याला मेला म्हणायला लावलं नाही आणि जिवंत म्हणायलाही लावलं नाही. दर वर्षी मोकळ्या जमिनीवर एक पणती.

नंतर मुलांना रंगवलेली अंडी वाटली. केसुड्याच्या, म्हणजे पळसाच्या, फुलांच्या पाण्यात उकळून केशरी केलेली. मी कशासाठी म्हणून विचारलं. म्हणाल्या, अंडं म्हणजे ती बंद गुहा. बाहेरून दगड, आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

माझ्यासाठी त्यांनी एक वेगळं केलं, दोन्ही टोकांना भोक पाडून आतलं सगळं फुंकून काढलेलं. भीमसिंग गाडीवान तिकडं येतोय, त्याच्याबरोबर डब्यात कापूस घालून पाठवते. रागावू नका. आत काही नाही.

निर्मला


मु. वाडी
चैत्र वद्य, भीमसिंगची गाडी जुंपलेली असताना

निर्मले,

तुला अक्कल आहे का? ज्या घरात कांदा चिरला तर तुझा आजा अंगणात पाट मागायचा, त्या घरात अंडं! डबा गुलाबनं उघडला. मला वाटलं तू पेढे पाठवलेस. तिनं कापूस बाजूला केला आणि मी अशी ओरडले की गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. ओटा धुतला, डबा धुतला, मीही धुऊन निघाले. गुलाब मात्र ते हातात धरून उभी. म्हटलं, "टाक ते!" तर माझ्या हातावर ठेवलं आणि आत गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं नाही.

उकिरड्यावर फेकायला निघाले. फेकायला हात वर केला, तर समोर सूर्य, नुकताच वर आलेला. आणि ते अंडं पेटलं गं. आतून. काही नाही त्यात, वजनसुद्धा नाही, पानावरचा थेंब जड लागेल, आणि सगळं उजेडानं भरलेलं. कोणीतरी काडीनं वेल खरवडलीय ती दिसली, कवचाचे बारीक ठिपके दिसले, माझी बोटं पलीकडून दिसली. मी तशीच हात वर करून उभी. वासरू धरून आणायचं राहिलं, हे लक्षात ठेव, पुन्हा व्हायचं नाही.

एवढी वर्षं माझी समजूत होती की रिकामं म्हणजे संपलेलं. रिकामी कणगी, रिकामी विहीर, हिंमतची रिकामी खाट. आणि त्या बायका रिकामी गुहा बघून धावत सुटल्या सांगायला! मला अजून पुरतं कळलेलं नाही. तुझ्या देवाबिवाचं मला ठाऊक नाही, मी आपली कानबाई देवीची. पण त्या पहाटे काहीतरी मोठं झालं असलं पाहिजे, त्याशिवाय बायका शहाणपण सोडून धावत नाहीत.

मी ठरवलंय. घागर ठेवणार. हिलालभाऊला तसा निरोप दिला. तो खूष आहे, पुतळ्याचं गवत कापतो आहे. बाकी काही विचारू नकोस, भीमसिंग खोळंबलाय आणि बैलांपेक्षा तोच जास्त फुरफुरतो.

दगूबाई


नवापूर
१८ एप्रिल १९२८

आजी,

घागर ठेवणार, हे दोन शब्द वाचून पुढचं मला दिसेना. अंड्याचं इतकं सुंदर लिहिलंत आणि खाली हे! मग तुम्हाला काय कळलं? तुम्ही हिलाल आज्याला भ्यालात. तुम्ही, ज्यांनी तलाठ्याला ओट्यावरून उतरवलं होतं.

बाबा मला दोन हेलकावे देऊन गेले. तिसरा द्यायला येतो म्हणाले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आईची काकणं फुटली तर मी ह्या पोराला घेऊन त्या घराची पायरी चढणार नाही. फुलवंताबाई म्हणतात, आजीचं पत्र पुन्हा वाच. मी वाचणार नाही.

निर्मला


मु. वाडी
आखाजीचा दुसरा दिवस, शके १८५०

निर्मला,

तुझं पत्र आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आलं. पायरी चढणार नाहीस काय? पायरी मी घातलीय, दगड माझ्या माहेराहून आणून. नीट बसून वाच.

काल उजाडायच्या आत मी घागरी मांडल्या. सासऱ्यांची, सासूबाईंची, तुझ्या आज्याची. तिन्ही गव्हावर ठेवल्या, भरल्या, वर आंबे ठेवले. चौथी, हिंमतची, उचलून बाहेर ओट्यावर नेली आणि कोरडीच ठेवली. हेच मी ठरवलं होतं. ज्याचं तोंड पाहिलं त्याची भरायची. ज्याचं पाहिलं नाही त्याची रिकामी, तुझ्या फुलवंताबाईच्या पणतीसारखी. हिलालभाऊला सांगायचं, ठेव म्हणालास, ठेवली. माझ्या शहाणपणावर मीच खूष होऊन गोठ्यात दूध काढायला गेले.

परत येते तर घागर ओली. काठोकाठ भरलेली, वर पितळेचा पेला. गुलाब पदराला हात पुसत उभी. कपाळभर कुंकू, आणि हातांत कोपरापर्यंत नवीन हिरवी काकणं. कासारणीला तिनं आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन गाठलं होतं!

माझा संताप झाला. म्हटलं, "भरलीस? मेल्याची घागर भरलीस? मी तुझ्यासाठी कोरडी ठेवली होती!"

ती म्हणाली, "जित्ता मानुसलेबी तीस लागस, आत्याबाई."

जिवंत माणसालाही तहान लागते. निर्मला, मी साठी उलटलेली बाई, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी दगड लोटायला निघाले होते आणि तो आधीच लोटलेला.

ऊन वर आलं तसा हिलालभाऊ शेतातून आला, डोक्यावर पुतळ्याच्या गवताचा भारा, मागं चार भाऊबंद. घामानं निथळत होता. भारा टाकला, ओट्यावर टेकला आणि समोर थंडगार घागर बघून काही न विचारता पेला बुडवला. एक प्याला. दुसरा प्याला. मिशा पुसल्या. मग कुठं विचारतो, "वैनी, हाई घागर कोनी शे?"

मी तोंड उघडणार, तर दाराआडून गुलाब बोलली. चुलतसासऱ्यापुढं तिचा आवाज ह्या घरात आजवर निघाला नव्हता. म्हणाली, "तुमना पुतण्यानी."

त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस. आपल्या भावकीत विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकल्याशिवाय पितरांच्या घागरीला कोणी तोंड लावत नाही, हे त्यानंच मला लग्न होऊन आले तेव्हा शिकवलं होतं. आता प्याला, दोन पेले, चौघांसमोर. एक तर त्यानं पितर उष्टे केले, नाही तर ती पितराची घागरच नव्हती.

"वैनी, हाई तं दगाबाजी शे!"

मी म्हटलं, "पानी गोड लागनं का?"

"लागनं," म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही, एवढा एक गुण आहे.

"मंग जित्तानीच शे. ऊठ, जेवाले चाल."

मागचा एक भाऊबंद हसला, मग दुसरा. हिलालभाऊनं पेला घागरीवर पालथा घातला. मग हळूच म्हणाला, "हिंमत मन्हा खांद्यावर बसीसन जत्राले जाये." आणि उपरणं मिशांवरून डोळ्यांवर फिरवलं, जसं काही अजून पाणीच पुसतोय. पुरणपोळ्या पाच खाल्ल्या. तेवढ्यात पुतळ्याचं गवत गाईनं निम्मं संपवलं, ते कोणी सोडवलं नाही.

गुलाबनं घागर आता निंबाखाली, प्रकाशा गावाच्या रस्त्याला ठेवलीय. येणारा-जाणारा पितो. रोज तापीवरून भरीन म्हणते, आणि आज पहिला पेला कोण पितो ते लांबून बघत होती. हिंमत येईल असं मी म्हणत नाही. नाही येणार असंही म्हणणं बंद केलंय. तुझ्या तिसऱ्या हेलकाव्याचं गुलाबला वाचून दाखवलं. ती म्हणाली, झोका काढू नका. काढला नाही.

अंडं घरात आणता येत नाही, ते गोठ्याच्या कोनाड्यात आहे. पहाटे मी दूध काढायला बसते तेव्हा ते पेटतं.

एक राहिलं. आज सकाळी निंबाखाली दोन घागरी होत्या. दुसरी कोणाची म्हणून विचारलं, तर गुलाब म्हणाली, त्या बाईच्या भावाची, तोही बसऱ्यालाच गेला ना. आपल्या पाटीलघराच्या दारात भिलाची घागर, हिलालभाऊला कळलं की पुन्हा भारा घेऊन येईल. येऊ दे, त्यालाही तहान लागेलच.

पण पाणी ओतताना नाव घ्यावं लागतं, आणि तू त्याचं नाव लिहिलेलं नाहीस. फुलवंताबाईला विचारून उलट टपालानं कळव. अक्षर नीट काढ. गुलाबला ते रोज घ्यायचं आहे.

दगूबाई